भार्गवीचा कागद

शिरेकरांच्या घरात दिव्यांची अवस भर दुपारी होते. बाकीची मराठी माणसं संध्याकाळी पाटावर दिवे मांडतात, बंगळूरच्या गवीपुरातले कानडी शेजारी त्याच दिवशी भीमन अमावास्या म्हणून नवऱ्याचे पाय धुतात, पण या घरात बाराच्या उन्हात समया आणि निरांजनं पेटायची. का, हे विचारायची सोय नव्हती. स्मिताने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी विचारलं होतं, तेव्हा सासूने तिच्या हातात चिंचेचा गोळा दिला आणि "घास" एवढंच म्हणाली.

आज सहाव्या वर्षी ती तीच समई घासत होती. समईच्या तळाशी कोरलेलं नाव चिंच लागली की उजळायचं: भार्गवी.

हे तिचंच नाव. म्हणजे इथलं. लग्नात श्रीहर्षने ताटातल्या तांदळावर अंगठीने ते लिहिलं आणि पुण्याची स्मिता बंगळूरची भार्गवी झाली. नाव सासूने, अनुसूयाअक्काने, ऐन वेळी त्याच्या कानात सांगितलं होतं. ते तांदळात उमटलं तेव्हा सासऱ्यांच्या हातातला पाण्याचा पेला कलंडला, हे स्मिताला पक्कं आठवत होतं. नंतर स्वैपाकघरात आली, तर पातेल्यांवर, डब्यांवर, समईवर सगळीकडे भार्गवी कोरलेलं. पोरगी हरखली. केवढी हौस या लोकांना, असं तिने आईला पत्रातही लिहिलं. मग एकदा पातेलं पालथं घालताना नावाखालचं साल दिसलं, १९५८. तिच्या स्वतःच्या जन्माआधीचं.

"जुनी भांडी की गं," अक्का म्हणाली होती. "नाव जुळलं."

त्या दिवसापासून स्मिताला त्या स्वैपाकघरात पाठ करून उभं राहायला आवडत नसे.

आज सोमवार, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडची सुट्टी, म्हणून पुरुष घरातच होते. बाहेरच्या खोलीत सासरे गुंडोराव, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, आरामखुर्चीत बसले होते. श्रीहर्ष खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होता. गेला महिनाभर तो असाच खिडकीबाहेर बघत होता, आणि बाहेर समोरच्या घराच्या कपडे वाळत घालायच्या तारेशिवाय काही नव्हतं. महिन्यापूर्वी स्मिताने सांगितलं होतं की तिला वेगळं व्हायचं आहे, पुण्यात नोकरी मिळते आहे आणि ती सिद्धीला घेऊन जाणार आहे. सिद्धी साडेचार वर्षांची. नवरा काहीच बोलला नाही. अण्णा बोलले.

"जायचं तर जा की. हर्ष घटस्फोटाला आडवा येणार नाही. पण मूल घराचं. सिद्धीला प्रेमाच्या ओटीत घालायचं. दत्तकपत्रावर तू सही केलीस की तू मोकळी."

प्रेमा ही श्रीहर्षची धाकटी बहीण, मल्लेश्वरमला दिलेली, लग्नाला अकरा वर्षं होऊन मूल नसलेली. विधी श्रावणात व्हायचा होता. सही मात्र आज हवी होती.

*

वकील शोधायचा कसा, हे पुण्याला ठाऊक असतं. चार जणांना विचारायचं. बंगळूरच्या मराठी माणसांत चार जणांना विचारलं की संध्याकाळपर्यंत चाळीस जणांना कळतं. स्मिता आधी संताजीमामांकडे गेली. मराठी मंडळातल्या सगळ्यांचे वकील तेच. त्यांनी कॉफी दिली, सगळं ऐकलं, "सरी, सरी, ठीक आहे, बघू या" म्हणाले. ती घरी पोचली तेव्हा अण्णा तिच्या तोंडाकडे बघून हसत होते. दुसरा जयनगरचा, तो प्रेमाच्या नवऱ्याचा आतेभाऊ निघाला. तिसऱ्याने आडनाव ऐकलं आणि पेनाला टोपण लावलं.

"अगं, यलो पेजेस बघ ना," ऑफिसातली नयना म्हणाली. ती नागपूरची, तिला सगळं सोपं वाटायचं. "फोन कर, अपॉइंटमेंट घे, खतम."

स्मिताने फोन केला. पलीकडच्या माणसाने विचारलं, "विच्छेदना, मेडम?" तिने घाईने फोन ठेवला. विच्छेदन हा शब्द तिने फक्त ससूनच्या मागच्या दारावर वाचला होता, मृतदेहांच्या संदर्भात. कन्नडमध्ये घटस्फोटाला तेच म्हणतात, हे कळल्यावर नयना पोट धरून हसली. स्मिताला हसू आलं नाही.

त्याच संध्याकाळी बसथांब्यावर भुरभुर सुरू झाली म्हणून तिने छत्री उघडली आणि आतून एक चिठ्ठी खाली पडली. कन्नड अक्षरं. तिला ती वाचता येत नव्हती, म्हणून कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला दाखवली.

"नागरत्नम्मा, लॉयर, गांधीनगर, प्रेसच्या वर," त्याने हिंदीत वाचून दाखवलं. मग चिठ्ठी उलटसुलट केली. "किसी घरवाली का अक्षर है, मॅडम. पुराना कन्नड स्कूल."

कोणी ठेवली? संताजीमामांकडे गेली तेव्हा पडद्याआड मामी उभ्या होत्या, छत्री दाराशीच होती. मामीच असणार. स्मिताने मनातल्या मनात त्यांचे आभार मानले आणि गुरुवारी अर्धा दिवस रजा टाकली.

जिना अंधारा होता आणि खालच्या छापखान्याच्या यंत्राने पायऱ्या थरथरत होत्या. वर एक म्हातारा कारकून वहीत नाव लिहून घ्यायला बसला होता.

"भार्गवी शिरेकर," ती म्हणाली.

कारकुनाचा हात थांबला. त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न लिहिता उठून आत गेला. आतून साठीच्या एक बाई बाहेर आल्या, काळा कोट, कपाळावर ठसठशीत कुंकू. त्यांनी आधी स्मिताच्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे पाहिलं.

"चप्पल आहे तुमच्या पायात," त्या मराठीत म्हणाल्या आणि त्यांनी श्वास सोडला. "या, आत या. मी बेळगावात शिकले, स्वल्प मराठी येतं मला. घर कुठलं म्हणालात?"

"गवीपूर. गुंडोराव शिरेकरांची सून."

"आधीची भार्गवी पण तेच म्हणाली होती. गुंडोरावांची भावजय, असं."

स्मिताला वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. पण बाईंनी कपाटाच्या खालच्या खणातून दोरीने बांधलेली फाइल काढून तिच्यासमोर ठेवली. वरचा कागद वकालतनामा होता, म्हणजे माझ्या वतीने यांनी बोलावं असं लिहून देणारा. इंग्रजी टंकलिखित, मधेच एक कन्नड शब्द.

"हे काय?"

"कोम. कोम म्हणजे बायको. भार्गवी कोम विठोजीराव शिरेकर. सही कुठे दिसते का बघा."

सहीची जागा कोरी होती.

"विठोजीकाका?" स्मिता म्हणाली. "त्यांचा फोटो आहे आमच्याकडे. ते... त्यांचं लग्नच झालं नव्हतं. मला तसंच सांगितलंय."

नागरत्नम्मांनी कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. खाली यंत्र चालूच होतं. "बासष्ट साल. मी तेव्हा वडिलांच्या हाताखाली टायपिंग करायची. ती गवीपुरातून चालत यायची, अनवाणी. नवरा वारलेला. कडेवर दोन वर्षांचा मुलगा. मोठ्या दिराला मूल नव्हतं, त्यांना तो दत्तक हवा होता. हिची ना होती. वडील म्हणाले, आईच्या संमतीशिवाय कायद्याने होत नाही, आम्ही नोटीस देतो, तू ये आणि सही कर. कागद तयार झाला, आणि ती आलीच नाही."

"मग?"

"मग त्यांनी दुसरा कागद केला. त्याची नक्कल आहे आत. मुलाच्या आईने जगाचा पूर्ण त्याग केला आहे, सबब तिच्या संमतीची आवश्यकता नाही. कायद्यात आहे तशी सोय. संन्यास घेतलेल्यांसाठी." बाईंनी चष्मा काढला. "बावीस वर्षांची होती. कसला संन्यास?"

स्मिताने फाइल स्वतःकडे ओढली. "मुलाचं नाव काय होतं?"

"श्रीहर्ष."

नकलेवरही तेच नाव टाइप केलेलं होतं. तिच्या नवऱ्याला आपली आई अनुसूयाअक्का आहे असंच माहीत होतं. आणि त्याच्याच हाताने, त्याच्या नकळत, त्याच्या खऱ्या आईचं नाव तांदळात लिहून घेतलं होतं. ती सहा वर्षं ते नाव अंगावर वागवत होती आणि त्या बाईची भांडी घासत होती. स्मिताला शिसारी आली, आणि पाठोपाठ भीती वाटली, स्वतःसाठी नाही, सिद्धीसाठी.

"आणखी एक सांगते, घाबरू नका," नागरत्नम्मा म्हणाल्या. "दर वर्षी भीमन अमावास्येला दुपारी इथे एक फोन येतो. बाईचा आवाज. एकच प्रश्न विचारते, भार्गवीचा कागद तयार आहे का? वडील होते तोवर सांगायचे, तयार आहे, घेऊन जा. की फोन बंद. आता मी विचारते, कोण भार्गवी? तरी बंद. चौतीस वर्षं झाली. म्हणून तुमचं नाव ऐकून आमचा कारकून उठला. भित्रा आहे तो."

"तुम्हाला काय वाटतं, कोण असेल?"

"मी वकील आहे. वाटणं माझं काम नाही." त्यांनी कोरा वकालतनामा पुढे ओढला. "शाळेच्या दाखल्यावर नाव काय तुमचं?"

"स्मिता."

"गॅझेटात बदललं?"

"नाही. फक्त तांदळात."

"मग तुम्ही स्मिता. भार्गवीचा कागद माझ्याकडे एक आहेच, दुसरा नको. सोमवारी दुपारी मुलीला घेऊन या. घटस्फोटाचा अर्ज, मुलीच्या ताब्याचा अर्ज आणि दत्तकाविरुद्ध नोटीस, तिन्ही तयार ठेवते. सह्या झाल्या की लगेच कोर्टात. आणि घरी कशावर सही करायची नाही, कोणी गोड बोललं तरी."

सोमवारी कुठली तिथी आहे, हे स्मिताच्या घरी येईपर्यंत लक्षात आलं नव्हतं.

*

प्रेमाने सिद्धीसाठी पिवळा फ्रॉक शिवून आणला होता आणि जेवणाआधीच तो तिला घातला होता. मुलगी तिच्या मांडीवर बसून पापडाचा तुकडा चावत होती. प्रेमा वाईट बाई नव्हती. अकरा वर्षं तिने प्रत्येक बारशाला जाऊन पाळण्याची दोरी धरली होती आणि घरी येऊन जेवली नव्हती. अण्णांनी सिद्धीचं नाव काढलं तेव्हा हे चूक आहे हे तिला कळलं होतं, आणि तरी तिने दुसऱ्याच दिवशी फ्रॉकचं कापड आणलं होतं. मायेची भूक लागली की माणूस असंच करतं, आणि प्रेमाला त्याची लाजही वाटत होती.

जेवणं झाली. पाटावर अकरा दिवे भर उन्हात जळत होते. ज्योती दिसत नव्हत्या, फक्त वरची हवा हलत होती. संताजीमामा चष्मा लावून दत्तकपत्राचा मसुदा वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पेन काढून स्मितापुढे ठेवलं.

"सही इथे, पोरी. तारीख मी घालतो."

"मी सही करणार नाही, मामा."

"अय्यो, आता हे काय? सगळं ठरलंय की."

"तुमचं ठरलंय. मला आता सिद्धीला घेऊन बाहेर जायचं आहे."

"कुठं?" अण्णांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता. प्रेमाला लहानपणापासून या साध्या आवाजाचीच भीती वाटत आली होती. "गांधीनगरला काय?"

स्मिता दचकली. ते प्रेमाने पाहिलं. अण्णांना कसं कळलं? मग स्मिताला आठवलं, चिठ्ठी वाचून दाखवणारा कंपनीच्या बसचा ड्रायव्हर शेजारच्याच गल्लीतला.

"हर्षण्णा, तू बोल की काहीतरी," ती भावाला म्हणाली.

श्रीहर्षने खिडकीतून मान वळवली. "अण्णा म्हणतात तसं करावं. प्रेमाकडे सुखात राहील ती. कोण परकं आहे?"

"तू राहिलास तसा सुखात?" स्मिताने विचारलं.

"म्हणजे?"

"अण्णांना विचार ना. विठोजीकाकांचं लग्न झालं होतं का, ते विचार."

संताजीमामांनी चष्मा काढून पुसायला घेतला. प्रेमाने वडिलांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, हेच तिला वाईट लक्षण वाटलं. ते हिशेब लावल्यासारखे सुनेकडे बघत होते.

"बघ संताजी," ते शेवटी म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं? बायकांचं डोकं फिरतं. मेलेल्या माणसांची लग्नं लावायला लागली. आईचं डोकं ठिकाणावर नसलं तर तिची सही लागत नाही, असं काहीसं आहे ना कायद्यात?"

"आहे. पण त्याला कोर्टाने तसं ठरवावं लागतं," मामा हळूच म्हणाले.

"मग ठरवून घेऊ. डॉक्टर आपला, वकील आपला. एवढं कोण विचारतंय? या घरातली ही काय पहिली आहे?"

"अण्णा," प्रेमा म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "पहिली कोण?"

सिद्धी मांडीवर चुळबुळली. "अत्या, हात दुखतो," ती म्हणाली. तिचा दंड आपण किती घट्ट धरला आहे हे प्रेमाला तेव्हा कळलं, आणि तिने पटकन हात सोडला.

स्वैपाकघराच्या दारात अक्का उभी होती. कधीपासून, कोणास ठाऊक. हात पुसत ती सगळ्यांच्या मधून चालत गेली, कोपऱ्यातल्या टेलिफोनपाशी थांबली आणि तिने रिसीव्हर उचलला.

*

अनुसूयाने तो नंबर कधी लिहून ठेवला नव्हता. बासष्टनंतर तो तीनदा बदलला, आणि दर वेळी तिने नवा नंबर डिरेक्टरीत शोधून पाठ केला. आधी ती नाक्यावरच्या औषधाच्या दुकानातून फोन करायची, घरात फोन आल्यावर सगळे जेवून लवंडले की करायची. आज कोणी लवंडलं नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. तिची बोटं नंबर चुकली नाहीत.

पलीकडे कोणीतरी उचलला.

"भार्गवी कागद तयारागिदेया?" तिने विचारलं.

दर वर्षीचा तोच प्रश्न, भार्गवीचा कागद तयार आहे का, हे स्मिताने ओळखलं. अण्णा खुर्चीतून उठले.

"अनुसूये, फोन ठेव."

ती ऐकत होती. पलीकडची बाई आज "कोण भार्गवी" म्हणाली नाही. बाई म्हणाली, "भार्गवीचा चौतीस वर्षं तयारच आहे. आज स्मिताचाही तयार आहे. मी वाट बघत्येय. तुम्ही कोणाला पाठवताय?"

अनुसूयाने फोन ठेवला. दर वर्षीसारखा तोडला नाही, नीट ठेवला.

"ठेवला," ती नवऱ्याला म्हणाली. "आता तुम्ही पण बसा."

गुंडोराव बसले. बेचाळीस वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदाच तिच्या सांगण्यावरून बसले, आणि हे त्यांनाही कळलं असावं.

"छत्रीतली चिठ्ठी..." स्मिता म्हणाली.

"मीच ठेवली. तुझ्याशी बोलायचं धैर्य नव्हतं गं. लिहिण्याएवढं होतं." मग ती श्रीहर्षकडे वळली. त्याच्याशी बोलताना तिला त्याच्या डोळ्यांत बघणं जमेना, म्हणून ती पाटावरच्या समईकडे बघून बोलली. "हर्षा, ही समई तुझ्या आईची. भार्गवी माझी जाऊ. विठोजी भावजींची बायको. आम्ही दोघी सख्ख्या बहिणींसारख्या होतो, असं सगळे म्हणायचे. होतो पण. प्रेमाही तेव्हा नव्हती. मला मूल नव्हतं, तिला तू. ह्यांनी तुला मागितलं, तिने नाही म्हटलं. ती वकिलाकडे जायला लागली ते फक्त मला सांगून जायची. मग ह्यांनी तिचं बाहेर जाणं बंद केलं. तेव्हा तिने मला पाठवलं. अक्का, माझा कागद तयार झाला का, तेवढं विचारून ये."

"आणि?" श्रीहर्षने विचारलं.

"मी गेले. पदर ओढून जिन्यावर उभी राहिले. एक मुलगी टाइप करत होती, ती म्हणाली, तयार आहे, सहीला पाठवा. घरी आले. तू मागच्या पडवीत बसला होतास. मला बघून हात वर केलेस, घे म्हणून. मी तुला उचललं. आणि तिला म्हटलं, नाही झाला अजून. पुढच्या अवसेला होईल. एवढंच खोटं बोलले मी. ह्यांनी मला बोलायला नव्हतं सांगितलं. माझं मीच बोलले."

दिव्यातली एक वात तडतडली आणि शांत झाली.

"ती म्हणाली, सरी. मग माझ्या कडेवरच तुझी पापी घेतली आणि म्हणाली, अक्का, येते. मागच्या दाराने केंपांबुधी तळ्याच्या बाजूला गेली. दिव्यांच्या अवसेचीच भर दुपार होती. तळ्यात शोधलं, काही सापडलं नाही. तिच्या माहेरीही पोचली नाही. ह्यांनी कागदात लिहिलं, जग सोडलं. पण मला ती येते म्हणून गेली होती. येते म्हटलेलं माणूस येतं ना? म्हणून दिवे लावते दुपारी. म्हणून विचारते कागद तयार आहे का. आली तर तिला खरं सांगायला हवं की."

"आणि माझं नाव?" स्मिताने विचारलं. तिचा आवाज कडक होता, आणि अनुसूयाला ते योग्यच वाटलं.

"अठ्ठावीस वर्षं घरात ते नाव कोणी घेतलं नव्हतं. मला हाक मारायची होती. तुझ्यावर अन्याय केला मी, मला कळत होतं."

श्रीहर्ष पाटाजवळ खाली बसला होता. त्याने जळती समई तशीच किंचित कलती केली आणि तळाच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तेल त्याच्या मनगटावर ओघळलं. पोळलं असणार, पण त्याने हात काढला नाही. मग तो उठला आणि कोणाकडेही न बघता म्हणाला, "मी आटो आणतो."

"हर्ष!" अण्णा ओरडले. "ती पोर घेऊन चाललीय!"

"हो," तो म्हणाला, आणि चपला घालून बाहेर पडला.

संताजीमामांनी पेन खिशात घातलं, मसुद्याची घडी केली, ती पुन्हा उलगडली आणि शेवटी टेबलावर तशीच ठेवली. प्रेमा सिद्धीसमोर गुडघ्यांवर बसून तिच्या पायात बूट घालत होती. बंद बांधताना तिच्या डोळ्यांतलं पाणी बुटांवर पडत होतं. "फ्रॉक राहू दे हं अंगावर," ती म्हणाली, "तो तुझाच आहे." आणि मुलीचा हात तिने स्वतः स्मिताच्या हातात दिला.

दाराशी आटोची फटफट थांबली. अनुसूया उंबऱ्यापर्यंत आली. बाहेर लख्ख ऊन होतं आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं, अगदी तेव्हासारखं. समोरून पाठमोरी बाई मुलाला घेऊन निघालेली बघताना अनुसूयाला क्षणभर साल कळेना.

पायरीवर स्मिता वळली. तिचा राग गेला नव्हता, पण सहा वर्षांच्या सवयीने तोंडात यायचं तेच आलं.

"अक्का, येते."

"येते म्हणू नकोस." अनुसूयाने दाराची चौकट धरली. "एकीचं येते ऐकून एवढी वर्षं दिवे लावले. आता नाही झेपायचं मला. तू जाते म्हण."

असं कोणी म्हणत नाही. लहान मुलांच्या तोंडूनसुद्धा निघालं तर मोठी माणसं त्यांना दटावतात. स्मिताने सिद्धीला कडेवर घेतलं.

"जाते, अक्का."

"जा, स्मिते," अनुसूया म्हणाली. "कागद तयार आहे."